रानपिंगळा सापडला कोणाला?

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव बाहेर कशासाठी घेतले जाते, असे कोणी विचारले तर आपण मिरचीचा बाजार सांगतो, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा सांगतो, १९४२ चा बालशहीद शिरीषकुमार सांगतो, तोरणमाळ सांगतो. कुपोषणाचे नाव आपण घेत नाही, ते वर्तमानपत्रे घेतात. परंतु जगभरच्या पक्षितज्ज्ञांना आपला जिल्हा यांपैकी कशानेही माहीत नाही. त्यांना शहादे हे गाव माहीत आहे, आणि ते एका वीतभर उंचीच्या पक्ष्यामुळे. त्याचे नाव रानपिंगळा. एकशे तेरा वर्षे जगाला न दिसलेला हा पक्षी २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पाहणारे तिघे अमेरिकन होते: पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. त्या वेळी आपला जिल्हाही नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे जिल्ह्यापेक्षा जिल्ह्याचा पक्षी सात महिन्यांनी वडील आहे!

या पक्ष्याविषयी आमच्या वर्गात एकदा मोठा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की, अमेरिकेहून माणसे आली म्हणून तरी पक्षी सापडला, नाहीतर आपल्या लोकांना पिंगळा काय आणि रानपिंगळा काय, सारखेच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे याच्या अगदी उलट. सापडला म्हणजे काय? हरवला कधी होता? आमचे आजे-पणजे त्याच जंगलात गुरे चारत होते, त्यांना तो रोज दिसत होता. गोऱ्या माणसाने पाहिले की शोध, आणि भिल्लाने पाहिले तर काहीच नाही?

मी स्वतः भिल्ल समाजातला आहे आणि माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला मी. तेव्हा मी दुसऱ्या बाजूने हात वर करीन अशी सर्वांची अपेक्षा होती. मी कोणत्याच बाजूने हात वर केला नाही. का केला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हकिगत नीट पाहू. ती आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवी, कारण तिच्यातली पहिली व्यक्ती आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली आहे. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून ज्यांच्यावर दर वर्षी टिपा लिहा असा प्रश्न येतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मोठे पक्षितज्ज्ञ होते. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्ष्यांविषयीचे नियतकालिक ते चालवीत. ब्लूइट नावाच्या गृहस्थांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात एक पिंगळा मारला आणि ह्यूमसाहेबांकडे पाठविला. ह्यूमसाहेबांनी १८७३ मध्ये तो वेगळ्या जातीचा म्हणून जाहीर केला आणि ब्लूइट यांचे नाव त्याला चिकटविले. त्यानंतर व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला एक ओडिशाच्या खरियार भागात मिळाला. पुढचे सगळे आपल्याकडचे. खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, काही पक्षी मारले. त्यांतला शेवटचा १८८४ मधला. आणि मग सामसूम. जगातील सर्व संग्रहालये मिळून कापूस भरलेली सात कातडी, एवढाच काय तो रानपिंगळा उरला.

पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी त्याचा तपास केला, पण पक्षी मिळेना. अधूनमधून कोणी तरी दिसल्याचे सांगे, फोटोही दाखवी. पण तपासल्यावर तो आपला नेहमीचा, वडाच्या ढोलीतला ठिपकेवाला पिंगळाच निघे.

या तपासात एक मोठी अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे एका माणसाचे खोटे बोलणे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन हे ब्रिटिश लष्करातले नावाजलेले अधिकारी, पक्ष्यांचे मोठे संग्राहक, ग्रंथकार. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते की, तो ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मारला. साहजिकच सर्वांनी मानले की पक्षी १९१४ पर्यंत तरी होता, आणि मांडवीच्या बाजूला होता. शोधणारे तिकडे फिरले. रासमुसेनबाईंनी आणि नायजेल कोलार यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांखाली धरला, कातडे भरण्याची पद्धत पाहिली. तेव्हा दिसून आले की तो डेव्हिडसनचा १८८४ मधला पक्षी आहे. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, आणि नवी चिठ्ठी बांधलेला! हा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्नलसाहेब १९६७ मध्येच वारले होते. त्यांना जाब विचारायची सोय राहिली नव्हती.

आपल्याकडे काही प्राध्यापक आणि पुष्कळ विद्यार्थी असे मानतात की, पक्षी-प्राणी हा विज्ञान शाखेचा विषय. कला शाखेने कविता आणि कर आकारणीचा इतिहास पाहावा. मला ते पटत नाही. मांडवीचा नमुना खोटा ठरला तो कशाने? चिठ्ठ्या वाचून, टाके पाहून, तारखा ताडून. साधन अस्सल की बनावट हे ठरविण्याची जी रीत इतिहासाच्या तासाला आपल्याला शिकवतात आणि जी आपण गाईडमधून पाठ करतो, तीच रीत. ती तिकडे एका पक्ष्याच्या कातड्यावर चालवली गेली आणि चुकीची वाट बंद झाली. मांडवी आणि १९१४ ही दोन्ही खोडल्यावर उरले काय? फुलझर, खरियार आणि आपले शहादे-तळोदे. पूर्वेकडच्या जुन्या जागांवर शोध करून काही हाती लागले नाही. मग ती मंडळी खानदेशात आली आणि सकाळच्या उन्हात एका उघड्या फांदीवर बसलेला पक्षी त्यांनी पाहिला, त्याचे चित्रण केले. म्हणजे निम्मा शोध कपाटांत आणि कागदांत लागला होता, उरलेला शहाद्याला.

आता माझ्या आजोबांची बाजू सांगतो.

आमचे मूळ गाव अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठचे. सरदार सरोवराचे पाणी येणार म्हणून आमच्या लोकांना तळोदे तालुक्यात आणून बसविले. माझे वडील तेव्हा लहान होते. त्यासाठी सरकारने तळोद्याच्या राखीव जंगलातली जमीन मोकळी केली, १९९० मध्ये सुमारे २७०० हेक्टर आणि पुढे आणखी काही. आजोबा सांगतात की, जमीन ताब्यात आली तेव्हा तीत सागाची खुंटे तशीच उभी होती आणि पहिली दोन वर्षे नांगराचे फाळ त्यांच्यावर आपटून वाकत. मी जन्मलो तोवर खुंटे संपली होती. मी जिथे रांगलो तिथे कापूस आणि मका उभा होता.

आजोबांना मी विचारले, रानपिंगळा माहीत आहे का? ते म्हणाले, पिंगळा कोणाला माहीत नाही? मी म्हणालो, ज्याच्या डोक्यावर ठिपके नसतात तो. त्यावर ते हसले. "पिंगळ्याच्या डोक्याकडे कोण बघतं रे? त्याचा आवाज ऐकायचा. कुठल्या बाजूने बोलला, घरावर बोलला की झाडावर बोलला, ते बघायचं." मग त्यांनी मला पिंगळ्याचे दोन-तीन आवाज काढून दाखविले. त्यांतला एक चिरकणारा, भांडखोर, आपण गावात रोज ऐकतो तो. दुसरा मऊ, दोन तुकड्यांचा, लांबून कोणी तरी हाक मारावी तसा. "हा दिवसा बोलतो. जुन्या गावी नाल्यात होता. इकडे आल्यावर पहिल्या पहिल्याने होता, मग नाही."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवीत नाही. पक्ष्यांच्या पुस्तकात रानपिंगळ्याच्या आवाजाचे जे वर्णन आहे ते याच्याशी जुळते, आणि तो दिवसा वावरतो हेही खरे आहे. परंतु एवढ्यावरून 'आमच्या आजोबांना रानपिंगळा माहीत होता' असे मी कोणापुढे ठासून सांगणार नाही. आमच्या घरात दोन्हींना एकच शब्द आहे. आवाज दोन आहेत हे आजोबांना माहीत, पण पक्षी दोन आहेत हे त्यांनी कधी म्हटले नाही, कारण तसे म्हणण्याची त्यांना कधी गरज पडली नाही. उलट रासमुसेनबाईंनी जिवंत रानपिंगळा त्या सकाळपर्यंत आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी पाहिली होती मेलेली कातडी. पण डोक्याकडे बघायचे असते हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पहिल्याच दृष्टीला त्यांना तो ओळखता आला.

दिसणे आणि ओळखणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गातल्या वादात दोन्ही बाजू विसरल्या. पहिली बाजू आपल्या माणसांच्या कानांना किंमत देत नाही. दुसरी बाजू त्या कानांचा अभिमान बाळगते, पण स्वतः कधी जंगलात जाऊन ऐकत नाही. 'आमच्या आज्यांना सगळे माहीत होते' असे म्हणणे सोपे असते. त्यात आपल्याला काहीच करावे लागत नाही. त्या वादात तावातावाने बोलणाऱ्या आम्हा अठरा-एकोणीस जणांपैकी कितीजणांनी साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक सांगितला असता? मी मोजले. दोघांनी.

तेव्हा तो फरक येथे लिहून टाकतो. म्हणजे पुढल्या वर्षी निदान वाद तरी बरा होईल.

आपल्या भागात लहान आकाराचे पिंगळे तीन. पहिला ठिपक्यांचा, म्हणजे गावातला नेहमीचा पिंगळा. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके शिंपडल्यासारखे, आणि मानेमागे पांढरट पट्टा. दुसरा पट्ट्यांचा, जंगली पिंगळा. त्याचे डोके गोल आणि डोक्यापासून अंगभर बारीक आडव्या रेघा, सतरंजीसारख्या. तिसरा कोऱ्या डोक्याचा, तो रानपिंगळा. डोके आणि पाठ राखी-तपकिरी, ठिपके नाहीत किंवा असून नसल्यासारखे. छाती जवळजवळ सलग तपकिरी आणि खाली पोट स्वच्छ पांढरे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. चोच मोठी. पाय आखूड, जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले, जणू लोकरीचे मोजे घातले आहेत. उंचीत तो ठिपकेवाल्यापेक्षा किंचित मोठा, पण हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा "मोठा दिसला म्हणून रानपिंगळा" हे म्हणणे ऐकून घेऊ नये.

त्याच्या सवयीही कामाला येतात. तो झाडाच्या शेंड्याकडे, उघड्या वाळक्या फांदीवर, हिवाळ्यातल्या सकाळी ऊन खात बसतो आणि शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ यांवर त्याची गुजराण. घरटे म्हणजे जुन्या झाडाची ढोली. दाट काळोख्या अरण्यातला हा पक्षी नव्हे. पानगळीचे सागाचे जंगल, मध्ये मोकळी जागा, ही त्याची आवड. ढोली मात्र पाहिजे, आणि ढोली कोवळ्या झाडाला नसते. वीस वर्षांच्या सागाच्या कितीही रांगा लावा, त्यांत त्याला राहायला जागा नाही.

मी रानपिंगळा पाहिला का, असे आता कोणी विचारील. पाहिला. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन मित्र भूगोलाच्या सरांची दुर्बीण मागून घेऊन चार रविवार डोंगराच्या पायथ्याला गेलो. जागा लिहीत नाही, मुद्दामच. पहिल्या रविवारी ठिपकेवाले पाच. दुसऱ्या रविवारी एक पक्षी शेंड्यावर दिसला, पाठमोरा, उन्हाच्या विरुद्ध बाजूला. शेपटी हलत होती, डोके कोरे वाटत होते. उडाला. माझ्या एका मित्राने तेथेच मोबाईलवर 'रानपिंगळा पाहिला' असे टाकण्याची तयारी केली. मी म्हटले, आपण छाती पाहिली नाही, पोट पाहिले नाही, पाठ उन्हाविरुद्ध होती, वहीत 'बहुधा' लिहू. तो म्हणाला, तू काय परीक्षक आहेस? दोन दिवस आमचे बोलणे बंद होते. तिसऱ्या रविवारी तो ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गुजरातेत गेला, सत्र परीक्षा बुडवून. चौथ्या रविवारी आम्ही दोघेच होतो. पावणेनऊला तो मऊ आवाज आला, आजोबांनी काढून दाखविला होता तसाच. आवाजाच्या रोखाने पाहिले तर पळसाच्या पलीकडे एका निष्पर्ण झाडावर तो समोर तोंड करून बसला होता. तपकिरी छाती, पांढरे पोट, पांढरे पाय. मग त्याने मान पूर्ण मागे वळविली आणि डोके दाखविले. एकही ठिपका नाही. सुमारे दहा मिनिटे आम्ही पाहत होतो. गुजरातेतल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "आता तरी पक्का ना?" आम्ही म्हटले, पक्का.

'बहुधा' हा शब्द आपल्याकडे कमी वापरला जातो. कर्नल माइनर्ट्झहेगन यांच्या चिठ्ठीवर तो नव्हता. तो असता तर काय झाले असते हा प्रश्न वेगळा, कारण त्यांना माहीत होते आणि तरी ते खोटे लिहीत होते. पण त्या खोट्याची इतकी वर्षे कोणी चौकशी केली नाही, ती केवळ मोठ्या नावामुळे. आम्ही पहिल्या पिढीतली मुले कॉलेजात येतो तेव्हा छापलेले सगळे खरे असे मानूनच येतो. छापील कागदाचा आम्हांला धाक असतो, कारण आमच्या घरी छापील कागद येतो तो नोटिसीचाच. या एका पक्ष्याच्या गोष्टीने माझा तो धाक बराच कमी केला, हे मी कबूल करतो.

पक्ष्याचे पुढे काय झाले? १९९७ नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक या तरुण संशोधिकेने तोरणमाळ-तळोद्याच्या जंगलांत राहून त्याचा अभ्यास केला. पुढे मेळघाटात तो बऱ्याच संख्येने आढळला. मध्य प्रदेशात, यावलच्या अभयारण्यात, २०१४ मध्ये ठाण्याकडच्या तानसा अभयारण्यात, आणि गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. इतक्या नव्या जागा मिळाल्यामुळे २०१८ मध्ये जागतिक यादीत 'अतिशय संकटग्रस्त' या वर्गातून त्याला एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' या वर्गात आणले गेले. तरी जाणकारांचा अंदाज सगळे प्रौढ पक्षी मिळून हजाराच्या आतच आहे. आपल्या कॉलेजच्या विद्यार्थिसंख्येशी ताडून पाहावे.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. रानपिंगळ्याचे नाव काढले की आमच्याकडे लोक कान टवकारतात, पण ते पक्ष्यासाठी नव्हे. पक्षी म्हणजे अभयारण्य, अभयारण्य म्हणजे पुन्हा उठा, असा हिशेब त्यांच्या मनात लगेच होतो. तो हिशेब वेडेपणाचा नाही. एकदा उठलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उठण्याची भीती असणारच. वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे पडून असलेली माणसे आमच्या आजूबाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला मोटारी घेऊन येणारे हौशी लोक आहेत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचे, फोटो काढायचा, आणि जाताना म्हणायचे की या आदिवासींनी जंगल संपविले. विणीच्या दिवसांत खोट्या आवाजाने पक्ष्याला घरट्यावरून उठविणे हे कसले प्रेम, मला कळत नाही. आणि जंगल संपविले म्हणणाऱ्यांनी हेही विचारावे की तळोद्याचे जंगल कोणाच्या निर्णयाने, कोणत्या धरणासाठी तुटले, आणि त्या धरणाचे पाणी व वीज आमच्या वाट्याला किती आली.

पण हे म्हणून आपली सुटका होत नाही. माझ्या घराची जमीन ही त्या पक्ष्याची जमीन होती. डेव्हिडसनने ज्या तालुक्यात पक्षी मारले त्याच तालुक्यात आम्ही कापूस वेचतो. आम्ही ती मागितली नव्हती, आम्हांला नेऊन बसविले, हे सगळे खरे. तरीही पक्षी गेला हेही खरे. आजोबा ज्या शांतपणे "मग नाही" म्हणाले त्या शांतपणे मला ते म्हणता येत नाही. ही जमीन परत द्यावी असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणाऱ्याला मी पहिला विरोध करीन. माझे म्हणणे पुढच्या जंगलाविषयी आहे, जे अजून उभे आहे.

त्या जंगलात आजही सर्पणासाठी, घराच्या खांबांसाठी, आणि रात्रीच्या चोरट्या व्यापारासाठी झाडे पडतात. तिन्हींना मी एका मापाने मोजत नाही. चुलीत जाते ती वाळकी फांदी, ट्रकमध्ये जातो तो जुना साग. आणि ढोली असते ती जुन्या झाडात. शिवाय आपल्याकडे घुबड-पिंगळा म्हणजे अपशकुन. दिसला की गलोलीचा दगड. कोणाला जादूटोण्यासाठी त्याची अंडी हवी, कोणाला पिल्लू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, पण तो कायदा आमच्या पाड्यावर कोणी वाचून दाखविलेला मला आठवत नाही. गंमत अशी की, त्याच पिंगळ्याच्या नावाने पहाटे दारात येणाऱ्या पिंगळा जोशाला आपण पीठ घालतो, कारण त्याला म्हणे पक्ष्याची भाषा कळते आणि तो भविष्य सांगतो. संत एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, ते आपण मराठीच्या पेपरात लिहितो. पिंगळ्याची भाषा सांगणाऱ्याला दान आणि प्रत्यक्ष पिंगळ्याला दगड!

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला नुसती जमीन मागण्याचा हक्क दिलेला नाही. आपल्या हद्दीतले जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकारही त्यातच दिला आहे. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलाची व्यवस्था स्वतः ठरविता येते. मग रानपिंगळ्याच्या झाडांची यादी वनखात्याने किंवा मुंबईच्या संस्थेने करण्याची वाट का पाहावी? ग्रामसभेच्या दप्तरात ती यादी असली तर ज्यांना उठण्याची भीती वाटते तेच त्या पक्ष्याचे राखणदार होतील. "येथे रानपिंगळा आहे आणि तो आम्ही राखला आहे" हे कागदावर दाखविता येणारे गाव उठविणे सोपे जाणार नाही. ज्यांना हे स्वार्थाचे बोलणे वाटते त्यांनी खुशाल तसे म्हणावे. आमच्याकडे स्वार्थ आणि जंगल हे एकाच भाकरीचे दोन पापुद्रे आहेत.

आणि यात आपल्या कॉलेजला करण्यासारखे काम आहे. दर हिवाळ्यात आपले शिबिर कोठल्या तरी गावी जाते. सात दिवस आपण त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावतो, शाळेची भिंत रंगवितो, शेवटच्या रात्री नाटिका करतो. भिंती आता पुरेशा रंगल्या. डिसेंबर-जानेवारीत जंगल उघडे असते, पाने गळालेली असतात, ढोल्या खालून दिसतात, पक्षी उन्हात बसतात, आणि पीकही बरेचसे घरात आलेले असते. अशा वेळी पंचवीस-तीस मुलामुलींनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन जुन्या ढोलीच्या झाडांची नोंद करावी. दुर्बीण दोनच पुरतील. कान गावात आहेत, वही आपल्याकडे आहे. वहीत सहा रकाने असावेत: झाड, ढोलीची उंची, काय दिसले, काय ऐकू आले, कोणी पाहिले, आणि पक्का की बहुधा. झाडाचे व पक्ष्याचे नाव मराठीत तर लिहावेच, पण भिल्ली, पावरी, अहिराणी, ज्या बोलीत सांगणारा सांगेल त्या बोलीतही लिहावे, आणि सांगणाऱ्याला विचारून त्याचे नावही. यादीची एक प्रत ग्रामसभेकडे, एक आपल्या ग्रंथालयात. जागांचा नकाशा मात्र ग्रंथालयात सुद्धा उघड्यावर ठेवू नये. तो गावाने आपल्या दप्तरातच ठेवावा, नाहीतर पुढल्या रविवारी मोटारी येतील.

आजोबांना मी हे सांगितले. ते यायला तयार आहेत. फक्त त्यांची एक अट आहे. पहाटे चारला निघायचे, आणि वाटेत कोणी बोलायचे नाही.